चोरी आम्हाला दाखवली कुठे?

चोरीचा कुठलाही सिनेमा लागला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मोजलं कोणी?" म्हणजे पडद्यावर तिजोरी फुटलेली, बॅगा भरलेल्या, हिरो गॉगल लावून बाहेर पडतोय आणि आमचे बाबा सोफ्याच्या कडेला सरकून विचारतायत, अरे पण किती होतं, किती गेलं, हिशोब कुठंय. बाबा नोट प्रेसमध्ये होते. नाशिकरोडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडे जेलरोडच्या बाजूला सिक्युरिटी प्रेस आहे, ती १९२५ची, तिथे पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट छापतात, आणि १९२८ पासून करन्सी नोट प्रेस, जिथे खरोखरच्या नोटा छापतात. आमच्या अख्ख्या कॉलनीचे बाप तिथेच. बाबा सांगायचे की कागद आत येतो तो मोजून, पुढे जातो तो मोजून, खराब झालेला पण मोजून, आणि एक शीट कमी पडली तर मोजणी जुळेपर्यंत कोणी हलायचं नाही. बत्तीस वर्षं रोज पैशांच्या ढिगाऱ्यात उभं राहून काम करायचं आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन सायकलवर घरी यायचं, दप्तरासारखी ती एक रेक्झिनची पिशवी, तिच्यात रिकामा डबा. अशा माणसाशेजारी बसून मी चोरीचे सिनेमे बघत मोठी झाले, त्यामुळे हे सिनेमे मला जरा जास्तच जवळचे आहेत आणि त्यांच्याबद्दल कोणी काहीतरी उडवून बोललं की मला लागतं.

तर विषय आहे ओशन्स ट्वेल्व्हचा, म्हणजे ओशन्स इलेव्हन या हॉलिवूडच्या चोरीच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा. मला माहितीये की वीस वर्षं झाली आता, डिसेंबर २००४चा सिनेमा, पण तो चांगला की वाईट हे आमच्या ग्रुपमधलं भांडण अजून मिटलेलं नाही आणि मागच्या दिवाळीत ते परत निघालं म्हणून हे लिहितेय.

आधी पहिल्या भागाबद्दल बोलायला हवं कारण सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं. ओशन्स इलेव्हन २००१चा, स्टीव्हन सोडरबर्गचा, आणि तो स्वतःच १९६०च्या एका सिनेमाचा रिमेक, त्या जुन्यात फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनिअर ही सगळी दोस्त मंडळी होती. नव्यात जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन, ज्युलिया रॉबर्ट्स, अँडी गार्सिया, डॉन चीडल, बर्नी मॅक, नावं वाचूनच दमायला होतं. ज्युलिया रॉबर्ट्सचा तेव्हाचा भाव एका सिनेमाला दोन कोटी डॉलर, आणि क्लूनीने तिला स्क्रिप्टसोबत वीस डॉलरची एक नोट पाठवली होती, तू एका सिनेमाला वीस घेतेस असं ऐकलंय म्हणून. हा किस्सा मी बाबांना सांगितला तेव्हा ते इतके मनापासून हसले होते की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली काय झालं बघायला.

पहिला भाग आम्ही टीव्हीवर बघितला, इंग्रजी चॅनलवर, मध्ये मध्ये जाहिराती. बाबांना इंग्रजी बोलणं निम्मंच कळायचं पण तो सिनेमा त्यांना पूर्ण कळला. लास व्हेगासच्या तीन कॅसिनोंची एक तिजोरी, सोळा कोटी डॉलर, अकरा माणसं. आणि गंमत अशी की तो सिनेमा पण आपल्याला फसवतोच. चोर सरावासाठी म्हणून त्या तिजोरीची हुबेहूब नक्कल उभी करतात, आपण ते बघतो आणि विसरून जातो, आणि नंतर कळतं की कॅसिनोचा मालक बेनेडिक्ट ज्या स्क्रीनवर "आत्ता चोरी चालूय" असं बघत होता ते त्या नकलेत आधीच शूट केलेलं होतं. त्याला ते कसं कळतं, तर तिजोरीच्या फरशीवर बेलाजिओचं नाव मंगळवारीच बसवलेलं आणि व्हिडिओत ती फरशी कोरी. बाबा इथे अक्षरशः उभे राहिले होते. "बघ, त्याने मोजलं!" म्हणाले. त्यांना चोराइतकाच तो मालक आवडला होता कारण त्याला आपली फरशी माहीत होती. फसवलं आम्हाला पण आमच्यासमोर सगळा माल ठेवून फसवलं, आम्ही लक्ष दिलं असतं तर पकडलं असतं, असा एक मान त्यात होता प्रेक्षकाचा.

आणि मग तो शेवट. बेलाजिओसमोरच्या कारंज्याला टेकून सगळे उभे आहेत, मागे देब्यूसीचं संगीत, कोणी काही बोलत नाही, आणि एकेक जण शांतपणे निघून जातो. एवढं मोठं काम केलं, आता परत कोण कधी भेटणार माहीत नाही. आमची दहावीची बॅच फुटली तेव्हा मला तेच कारंजं आठवलं होतं.

आता दुसरा भाग. २००५चा पावसाळा, आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नाशिकला तो थिएटरमध्ये आलाही असेल, आम्हाला काही गाठता आला नव्हता, त्यामुळे कॉलेज रोडच्या एका सीडी लायब्ररीतून आणला, दोन सीडीचा सेट, वीस रुपये रोज. लोडशेडिंगचे दिवस होते, लाइट किती वाजता येणार, किती वाजता जाणार हे बघून सिनेमा लावायचा. आमच्या घरी जेलरोडला जमलो सगळे, सिडकोवाला, सिन्नरकर, पंचवटीची आणि मी (आमच्यात नावापेक्षा गावानेच हाक मारायची पद्धत होती, अजून आहे), आईने चिवड्यावर कांदा आणि कोथिंबीर घालून मोठी परात मध्ये ठेवली, बाबा नेहमीच्या जागेवर.

गोष्ट अशी की बेनेडिक्ट अकराच्या अकरा जणांना शोधून काढतो आणि म्हणतो, माझे पैसे व्याजासकट द्या, दोन आठवडे. अमेरिकेत आता यांना सगळे ओळखतात म्हणून हे युरोपला जातात. अॅमस्टरडॅममध्ये एका घरातून जगातलं सगळ्यात जुनं शेअर सर्टिफिकेट उचलायचं, डच ईस्ट इंडिया कंपनीचं, आणि त्यासाठी समोरच्या खिडकीतून नेम लागत नाही म्हणून हे लोक ते आख्खं घरच कालव्यातल्या खांबांवरून थोडंसं वर उचलतात. सिन्नरकर सिव्हिलचा, तो खूश. पण आत जाऊन बघतात तर आधीच कोणीतरी हात मारून गेलंय, नाइट फॉक्स नावाचा फ्रेंच चोर, व्हिन्सेंट कॅसल, आणि तो यांना आव्हान देतो की रोममध्ये फॅबर्जेचं रत्नजडित अंडं येतंय, जो आधी चोरेल तो मोठा. वरून युरोपोलची कॅथरीन झीटा-जोन्स मागावर, आणि ती ब्रॅड पिटची जुनी प्रेयसी.

इथपर्यंत पहिली सीडी. दुसऱ्या सीडीत एकेक करून सगळे पकडले जातात, बाहेर दोन-तीनच उरतात, आणि त्यांना सुचतं की क्लूनीची बायको टेस ज्युलिया रॉबर्ट्ससारखी दिसते तर तिलाच ज्युलिया रॉबर्ट्स बनवून म्युझियममध्ये घुसवू. म्हणजे ज्युलिया रॉबर्ट्स जिचं काम करतेय ती बाई ज्युलिया रॉबर्ट्स असल्याचं नाटक करतेय. आणि समोरून खराखुरा ब्रूस विलिस येतो, ब्रूस विलिस म्हणूनच.

सिडकोवाला इथे उठून उभा राहिला. "हे काय चाललंय?" त्याला खरोखर राग आला होता. आईला मात्र तोच भाग सगळ्यात आवडला. ती म्हणाली, बिचारी किती घाबरलीये बघ, आपण जसे कोणाच्या लग्नात चुकून वरपक्षाकडून बसतो तशी. ज्युलिया रॉबर्ट्स शूटिंगच्या वेळी खरंच गरोदर होती, २००४च्या नोव्हेंबरात तिला जुळं झालं, आणि सिनेमात ते पोट पण गोष्टीत घेतलंय. आईला हे मी नंतर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला दिसलंच होतं तिच्या चालण्यात.

पुढे कॅसलचा तो लेसरमधला नाच, म्युझियमच्या हॉलमध्ये हिरव्या-निळ्या किरणांचं जाळं फिरतंय आणि हा माणूस कानात गाणं लावून त्यातून वाकत, लोळत, हातांवर उलटा होत पलीकडे जातोय, कपोएरा म्हणतात त्याला, ब्राझीलचा प्रकार. तो आम्ही तीनदा बघितला. आणि नंतर, क्लूनी त्याच्यासमोर बसून शांतपणे काहीतरी सांगायला लागतो आणि सीडी अडकली. चित्राचे चौकोन चौकोन झाले. काढून बनियनला पुसली, फुंकर मारली, टूथपेस्टचा उपाय पण करून झाला, चरा खोल होता. लायब्ररीवाल्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तो म्हणाला तुमच्याकडेच पडला असेल, डिपॉझिटमधले पन्नास कापले. चार दिवसांनी सिन्नरकरने दुसरीकडून सीडी मिळवली आणि तो शेवट आम्ही परत सगळे जमून बघितला.

आणि मग खरा राग आला. कारण तिथे कळतं की अंडं केव्हाच चोरून झालेलं आहे. म्युझियमला पोचायच्या आधीच, ट्रेनमध्ये, एका साध्या पाठपिशवीतून खरं अंडं चाललेलं आणि यांनी गर्दीत धक्काबुक्की करून ती पिशवीच बदलली. म्युझियममधलं खोटं. कॅसल नाचला ते खोट्यासाठी. ज्युलिया रॉबर्ट्सचं सोंग, ब्रूस विलिस, तुरुंग, सगळं नुसता देखावा, आणि आपण चार दिवस विचार करत बसलेलो की आता हे कसे सुटणार. बाबा काही बोलले नाहीत. पंखा बंद केला, दिवा लावला, म्हणाले, "चोरी आपल्याला दाखवली कुठे?" आणि झोपायला गेले.

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. ज्यांना ज्यांना हा सिनेमा आवडत नाही त्यांचं सगळं म्हणणं त्यात आलं असं मला वाटतं. लोक म्हणतात गोष्ट गुंतागुंतीची आहे, पण गुंतागुंत पहिल्यातही होती. दुखणं वेगळं आहे. पहिल्यात आपण अकरांच्या टोळीतला बारावा होतो, आपल्याला नकाशा दाखवला, तिजोरी दाखवली, नक्कल दाखवली. दुसऱ्यात आपल्याला त्या बेनेडिक्टच्या जागी बसवलं. तोही स्क्रीनवर खोटी चोरी बघत होता, आम्हीही बघत होतो, फक्त त्याला फरशी तपासायची सोय होती, आम्हाला फरशीच नव्हती.

सिडकोवाल्याचं अजून एक होतं. तो म्हणायचा ही यांची ट्रिप आहे आणि आपण पैसे देऊन त्यांच्या ट्रिपचे फोटो बघतोय. याच्यात खोटं काही नाही. कोमो तळ्याकाठी क्लूनीचं स्वतःचं घर, २००२ साली घेतलेलं, आणि सिनेमातल्या फ्रेंच चोराचा बंगला पण त्याच तळ्याकाठी, विला एर्बा. अकरातले निम्मे लोक बसूनच आहेत, बर्नी मॅकसारखा माणूस, एका वाक्यात हॉल उचलणारा, त्याला काही कामच नाही. मला याचं फार वाईट वाटतं अजून, कारण २००८ला तो गेला, आणि त्याचे सिनेमे मोजकेच. एवढी मोठी नावं आणायची आणि बाकड्यावर बसवून ठेवायची हा माझ्या मते या सिनेमाचा सगळ्यात मोठा दोष आहे, ज्युलियाच्या सोंगापेक्षाही मोठा.

त्या सोंगाबद्दल मात्र माझं मत बदलत गेलं. आपण नाशिकची माणसं, फाळकेंचं गाव. त्र्यंबकेश्वरला जन्म, नाशिकला शेवट, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक, शाळेच्या सहली जाऊन जाऊन पाठ झालेलं. त्या फाळकेंच्या १९१७च्या लंकादहनमध्ये अण्णा साळुंके नावाचा नट राम पण होता आणि सीता पण होता. त्याआधी राजा हरिश्चंद्रमध्ये तो तारामती होता. प्रेक्षकांना कळत नसेल असं नाही, एकच माणूस राम आणि सीता, दंड पण पुरुषाचे दिसतात म्हणे, पण लोकांनी ते मानलं, लोक हात जोडायचे पडद्याला. म्हणजे हा नट आहे हे माहीत असून विसरायचं हे काम प्रेक्षक स्वतः करतो, आनंदाने करतो. सोडरबर्गने त्या विसरलेल्याची आठवण करून दिली, अरे ही ज्युलिया रॉबर्ट्स आहे, तुला माहितीये ना. सिडकोवाला उठून उभा राहिला तो त्याच्यामुळे. त्याने मेहनतीने विसरलेलं कोणीतरी त्याच्या तोंडावर मोडलं होतं. आईने ते विसरायचं काम कधी केलंच नव्हतं, ती सगळ्या नट्यांना शेजारणीसारखं ओळखायची, कोणाला किती मुलं, कोणाचा नवरा कसा, म्हणून तिला ते सोंग घरचं वाटलं.

पुढच्याच वर्षी, २००६च्या नोव्हेंबरात, धूम टू आला. तो मात्र थिएटरात, पहिल्या आठवड्यात, स्टॉलमध्ये, शिट्ट्या. तोही चोरीचा, तोही सिक्वेल, पहिल्यात नसलेले हृतिक आणि ऐश्वर्या आणलेले. हृतिक वाळवंटात धावत्या ट्रेनवर राणीचा वेष उतरवतो आणि अख्खं थिएटर चोराच्या बाजूला. लॉजिक विचारायला कोणी गेलं नाही, बाबाही नाही. मी त्यांना म्हटलं, इथे मोजलं कोणी ते नाही विचारलं तुम्ही, तर म्हणाले, "इथे चोरी समोर केली की त्याने." आणि बरोबर होतं ते. समोर केलेली चोरी लोक कितीही अशक्य असली तरी मान्य करतात.

तरी आकडे बघितले तर लोकांनी ट्वेल्व्हला वाळीत टाकलं असं अजिबात नाही, पहिल्याने जगभरात पंचेचाळीस कोटी डॉलरच्या आसपास कमावले, दुसऱ्याने छत्तीस कोटींच्या. म्हणजे गेले सगळे, फक्त बाहेर येताना चेहरे पडलेले. मला वाटतं सिक्वेलला जाणारा माणूस सिनेमाला जातच नाही, तो आपल्याच जुन्या संध्याकाळीला परत भेटायला जातो, आणि ती तिथे नसते. अशी ही बनवाबनवीचा दुसरा भाग काढा म्हणून कोणी कितीही गळ घातली तरी माझ्या पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. १९८८चे ते चौघं आता कुठून आणणार.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ग्रुप जमला, तब्बल अकरा वर्षांनी. मध्ये मुंबईची नोकरी, पुण्याची, सिन्नरकर कॅनडाला, पंचवटीची दोन मुलींसकट आलेली. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे, गुडघे गेलेत, सोफा तोच. आई सहा वर्षांपूर्वी गेली. काय बघायचं यावरून नेहमीचा गोंधळ, आणि सिडकोवाला म्हणाला तीच दोन सीडीवाली लावा, बघूच किती वाईट होती. आता ती मोबाइलवर शोधून टीव्हीवर टाकायला दोन मिनिटं लागतात. सिन्नरकर व्हिडिओ कॉलवर, त्याच्याकडे सकाळ, हातात कॉफीचा मग, आम्ही फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून त्याला टीव्ही दिसेल असा ठेवला.

आणि यावेळी मी चोरी बघितलीच नाही. मला सगळं माहीत होतं ना, अंडं कुठंय, पिशवी कुठंय. मी त्यांची बसण्याची पद्धत बघत होते. एकमेकांची वाक्यं अर्धवट तोडतायत, हॉटेलच्या खोलीत कोण कुठे पडलंय, मॅट डेमन सारखा विचारतोय मला या वेळी थोडं मोठं काम द्या ना, आणि बाकीचे एकमेकांकडे बघतायत. क्लूनी वैतागून सगळ्यांना विचारतो की मी पन्नाशीचा दिसतो का, आणि उत्तरं ऐकून त्याचं तोंड उतरतं. डेव्हिड होम्सचं ते संगीत, ड्रम आणि जुन्या ऑर्गनचं, मागे चालूच. या लोकांना परत भेटायचं होतं आणि भेटायला काहीतरी काम लागतं, नुसतं भेटू म्हणून कोण भेटतं, म्हणून बेनेडिक्टचं कर्ज. पहिल्याच्या शेवटी कारंज्यापासून एकेक करून निघून गेलेले लोक आहेत हे. मला विसाव्या वर्षी हे दिसणं शक्यच नव्हतं, तेव्हा आम्ही रोजच भेटत होतो.

सिडकोवाल्याला अजून पटलेलं नाही, हे पण लिहायला पाहिजे. तो म्हणाला, "भेटायचं होतं तर भेटा ना, मला अंड्याची आशा कशाला लावता." पंचवटीची म्हणाली तू वीस वर्षांत बदलला नाहीस. ज्युलियाच्या सोंगाच्या वेळी हॉलमध्ये कोणी बोललं नाही, सिडकोवाला पण बसून राहिला. ती घाबरत घाबरत चालत जाते, हात पोटावर. बाबांनी मला हाक मारली, "अगं, आईला हे आवडलं होतं ना?" मी हो म्हटलं.

ट्रेनचा सीन आला तेव्हा बाबा म्हणाले, थांबव. परत लाव. मी मागे घेतलं. पाठपिशवी, गर्दी, धक्काबुक्की. त्यांनी चष्मा पुसला, पुढे वाकून बसले, आणि बोटांवर काहीतरी मोजत ते दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा. काय मोजत होते ते विचारलं तर सांगितलं नाही, नुसतं "हं" म्हणाले.

पडद्यावर शेवटी सगळे एकत्र जमून मजा करत होते. रात्रीचे पावणेएक झालेले. सिन्नरकर फोनमधून म्हणाला मला आता ऑफिसला निघायला हवं, आणि निघाला नाही. सिडकोवाल्याने विचारलं तेरावा पण आहे २००७चा, लावायचा का, काका झोपायचे असतील. बाबांनी पाय वर घेतले, उशी पाठीमागे ओढली आणि म्हणाले, "लाव."